एक्केचाळीस नेते आणि एक टोस्टर

२ सप्टेंबर २०२४, सोमवार. सकाळी ७.५०

मी नाइजेल आर्थर थ्रेल्फॉल, वय छप्पन्न, बर्मिंगहॅम विद्यापीठाचा वाणिज्य पदवीधर. आजपासून क्लेग्डेन हायस्कूलच्या सिक्स्थ फॉर्मचा, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांचा, विद्यार्थी-नेतृत्व समन्वयक. अकरा वर्षे मी याच इमारतीतल्या शांत अभ्यासिकेत मुलांना गप्प बसवण्याचे काम केले. ते काम मी चोख केले. परंतु त्याला भवितव्य नव्हते. नवे पद एका वर्षापुरते, प्रायोगिक आहे. मार्चमध्ये नियामक मंडळाचा एक सदस्य पाहणीस येईल आणि पद कायम ठेवायचे की मला पुन्हा अभ्यासिकेत बसवायचे, याची शिफारस करील. या वर्षाची बिनचूक नोंद माझ्यापुरती असावी, एवढाच या वहीचा हेतू आहे. ती इतर कोणी वाचावयाची नाही.

मला स्वतंत्र कचेरी मिळाली आहे. पूर्वी तेथे कागद आणि खडू ठेवीत. खिडकी नाही, परंतु दाराला कुलूप आहे.

शाळेचा देखभाल कर्मचारी डेस पाटी लावून गेला. स्क्रू घट्ट करताना म्हणाला, काय नाइजेलसाहेब, आता तुमच्याशी बोलायला वेळ मागून घ्यायची का? मी सांगितले, होय, मंगळवार आणि शुक्रवार. तो हसला. का हसला, ते कळले नाही. नोंद करून ठेवतो.

९ सप्टेंबर, सोमवार

विद्यार्थी बेचाळीस. प्रत्येकास नेतृत्वपदासाठी सहा पानी अर्ज दिला. प्रश्न सातवा सर्वांत महत्त्वाचा: तुम्ही इतरांचे नेतृत्व केल्याचा एक प्रसंग वर्णन करा, मर्यादा दोनशे शब्द.

एक्केचाळीस अर्ज परत आले. नेल एन्ट्विसल नावाच्या मुलीचा आला नाही. शेवटच्या वर्षाची, बुटकी, बाह्या नेहमी कोपरापर्यंत सारलेल्या. कारण विचारले. म्हणाली, सर, मी सातवा प्रश्न वाचला, पण असं काही मी केल्याचं आठवेना, आणि मला पाव आणायला जायचं होतं. कसला पाव, असे विचारेपर्यंत ती जिन्यावरून दिसेनाशी झाली.

महत्त्वाकांक्षा नसलेल्या माणसापासून मी नेहमी सावध राहतो.

१९ सप्टेंबर, गुरुवार

हेड बॉयच्या, म्हणजे विद्यार्थी-प्रमुखाच्या, निवडणुकीची भाषणे. बार्नबी क्रॉस्टन सर्वांत प्रभावी. त्याने हात छातीशी नेऊन ‘सेवा’ हा शब्द नऊ वेळा उच्चारला, मी मोजले. बहुमताने निवडून आला. नंतर कचेरीत येऊन म्हणाला, सर, तुमच्यासारखा माणूस या शाळेला आधीच मिळायला हवा होता. अचूक निरीक्षण. मुलगा हुशार आहे.

सिक्स्थ फॉर्मच्या प्रमुख मिसेस ओकशॉट भाषणे चालू असताना वह्या तपासत होत्या. उत्साहाचा अभाव. की आणखी काही?

३ ऑक्टोबर, गुरुवार

पालकांचे दूरध्वनी. विद्यापीठाच्या अर्जात आमच्या मुलीने नेतृत्वाखाली काय लिहावे, असे तिघींनी विचारले. चौथे गृहस्थ म्हणाले, तो क्रॉस्टनचा पोरगा हेड बॉय आणि आमचा काय नुसता बॉय?

मुद्दा रास्त आहे. बार्नबीशी चर्चा केली. त्याने सुचवले, सर, सगळ्यांनाच पद द्या की, कुणाचं काय जातंय. मी ही कल्पना माझ्या पद्धतीने विकसित केली.

१७ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी ४.१०

पदयोजना पूर्ण. एक्केचाळीस अर्जदार, एक्केचाळीस पदे. शांतता-प्रमुख आणि उप-शांतता-प्रमुख. पुनर्वापर-दूत. अभिप्राय-संकलक. खुर्ची-मांडणी-प्रमुख. स्वागत-राजदूत (उत्तर दरवाजा) आणि स्वागत-राजदूत (दक्षिण दरवाजा). दक्षिण दरवाजा तेरा वर्षे बंद आहे असे डेसने सांगितले. मी म्हटले, पद दरवाजाशी निगडित आहे, दरवाजा उघडण्याशी नाही.

नेतृत्वाचे प्रमाण ९७.६२ टक्के. जिल्ह्यात कोणत्याही शाळेत इतके नसावे. बिल्ले मागवले.

इलेनला, म्हणजे माझ्या पत्नीस, यादी वाचून दाखवली. ती घरोघरी फिरणारी परिचारिका आहे. दिवसभर लोकांच्या पायांच्या पट्ट्या बदलून येते आणि मग कोणत्याही गोष्टीत फारसा रस घेत नाही. म्हणाली, नाइजेल, सगळेच पुढे चालणार, तर मागून कोण येणार रे? मी तिला सांगितले की हा जुन्या पद्धतीचा विचार आहे. मग तिने बटाटा भरलेली पाई गरम केली आणि आम्ही ती खाल्ली.

६ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ११.२०

गंभीर.

मधल्या सुटीत कॉमन रूममध्ये अचानक तपासणी केली. दहा चाळीस ते अकरा या वीस मिनिटांत तेथे टोस्ट होतो, हे मला ठाऊक होते. परंतु एवढ्या शिस्तीने होतो, हे ठाऊक नव्हते. बेचाळीस मुले, एक टोस्टर, चार खाचा, आणि कोठेही रेटारेटी नाही. कोणी पाव देतो, कोणी लोणी लावतो, कोणी पुढे सरकवतो. कोणी कोणास आज्ञा करीत नाही. माझ्या खुर्ची-मांडणी बैठकीस सात मुले आली होती आणि त्यांतील चार चुकीच्या खोलीत गेली होती.

कोणाच्याही आज्ञेवाचून इतके लोक इतके नीट वागत असतील, तर आज्ञा कोठून तरी गुप्तपणे येत असली पाहिजे.

सर्व गेल्यावर किटलीच्या कपाटाचे दार उघडले. आतल्या बाजूस चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलने आखलेला तक्ता. पाच वार, प्रत्येकाखाली नावे आणि कामे. अक्षर एन्ट्विसलचे. गुरुवारच्या रकान्यात शेवटी माझे आडनाव, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह.

‘थ्रेल्फॉल?’

एवढेच. काम लिहिलेले नाही.

६ नोव्हेंबर, सायंकाळी ७.३०

इलेनला सांगितले. म्हणाली, मुलं सतरा वर्षांची आहेत, गुप्तहेर नाहीत. मग विचारले, तुझ्या नावापुढे प्रश्नचिन्ह मी सत्तावीस वर्षं लावतेय, मला कधी अटक झाली का?

तिला प्रसंगाचे गांभीर्य नाही. उद्या गुरुवार.

७ नोव्हेंबर, गुरुवार

मागच्या दाराने शाळेत प्रवेश केला. बसण्यापूर्वी खुर्ची तपासली. चहा घरून नेला. काहीही घडले नाही.

म्हणजेच मला कळले आहे, हे त्यांना कळले आहे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

पुन्हा काही नाही. एन्ट्विसल समोरून आली आणि म्हणाली, सर, गुरुवारी तुम्ही मोकळे असता का हो सुटीत? मी म्हटले, मी गुरुवारी मोकळा कधीही नसतो. ती म्हणाली, बरं. आणि निघून गेली.

मी त्यांचा डाव उधळला.

संकल्प: (१) प्रत्येक गुरुवारी मधल्या सुटीत कचेरीत आतून कुलूप. (२) बार्नबीला विश्वासात घेणे. (३) तक्त्याचे छायाचित्र घेणे.

५ डिसेंबर, गुरुवार

छायाचित्रात माझा अंगठा आला आहे.

बार्नबीचा अहवाल तोंडी: सगळं एकदम व्यवस्थित आहे सर. मी विचारले, व्यवस्थित म्हणजे नेमके काय? तो म्हणाला, म्हणजे काही नाहीच ना सर सांगण्यासारखं. त्याच्या स्वेटरवर जॅम होता. मी ते दाखवले. त्याने बोटाने पुसून ते बोट चाटले आणि म्हणाला, रासबेरी.

याच्यावर किती विसंबावे, हा प्रश्न आहे.

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

विद्यापीठांच्या अर्जांची मुदत या महिनाअखेरीस. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी नेतृत्वाविषयी तीन ओळी लिहून मिसेस ओकशॉट यांना द्यावयाच्या. एक्केचाळीस जणांचे काम सोपे होते, कारण पदाचे नाव लिहिताच एक ओळ भरते. नेल एन्ट्विसल हिच्याबद्दल लिहिले: ‘संधी देऊनही नेतृत्व स्वीकारले नाही.’

नेमके, खरे आणि संक्षिप्त.

२० जानेवारी, सोमवार

मिसेस ओकशॉट यांनी एन्ट्विसलचा कागद परत पाठवला आहे. माझ्या ओळीखाली पेन्सिलने: ‘हे खरे आहे का, नाइजेल?’ भेटायला गेलो. त्या सफरचंद सोलत होत्या. म्हणाल्या, तू कधी सुटीत जाऊन बसलास का रे तिथे? म्हणजे तपासणीला नाही, बसायला. मी सांगितले की माझे गुरुवार सुरक्षिततेच्या कारणास्तव बंद आहेत. त्यांनी सुरी खाली ठेवली. मग म्हणाल्या, ठीक आहे, त्या ओळीचं मी बघते.

त्याही त्या गटात असाव्यात काय?

६ फेब्रुवारी, गुरुवार

आणीबाणीची नेतृत्व-परिषद बोलावली. मुख्य विषय: उपस्थिती. उपस्थित: मी आणि उप-शांतता-प्रमुख. ती चुकून आली होती. तिला फ्रेंचचा तास वाटला. बार्नबीला दोन विद्यापीठांनी जागा देऊ केल्याचे समजते. त्यानंतर तो एकाही बैठकीस आलेला नाही. ‘सेवा’ हा शब्दही त्याच्या तोंडून ऐकलेला नाही.

शांतता-प्रमुखाचा बिल्ला कॉमन रूममधल्या वाळलेल्या रबराच्या झाडाला लावलेला आढळला. चौकशी केली. कोणीतरी मागून म्हणाले, सर, आतापर्यंतचा सगळ्यात शांत प्रमुख आहे तो. सर्व हसले. एन्ट्विसल हसली नाही. ती झाडाला पाणी घालत होती. हसण्यापेक्षा हे अधिक संशयास्पद.

३ मार्च, सोमवार

पत्र आले. पाहणी गुरुवार, १३ मार्च, सकाळी १०.४०. नियामक मंडळाच्या सदस्य डॉ. नसरीन भट्टी, व्यवसाय दंतवैद्यक.

गुरुवार. दहा चाळीस. हा योगायोग नाही.

तरीही योजना तयार आहे. एक्केचाळीस नेते बिल्ले लावून कॉमन रूममध्ये घोड्याच्या नालाच्या आकारात उभे राहतील. प्रत्येक जण पदनाम आणि एक वाक्य सांगेल. प्रत्येकी वीस सेकंद, एकूण तेरा मिनिटे चाळीस सेकंद. त्यानंतर माझे निवेदन. त्यानंतर, मला खात्री आहे, पद कायम.

अभ्यासिकेच्या खुर्चीचा विचारही करावयाचा नाही. तिचा डावा हात सैल आहे.

११ मार्च, मंगळवार

रंगीत तालीम. अकरा जण आले. खुर्च्या हलवावयाच्या होत्या. खुर्ची-मांडणी-प्रमुख म्हणाला, सर, माझं काम मांडणीचं, उचलण्याचं नाही. पुनर्वापर-दूत म्हणाला, खुर्च्या जुन्या असल्या तरी त्या माझ्या खात्यात येत नाहीत. स्वागत-राजदूत (दक्षिण) म्हणाली, मी दाराशीच थांबते सर, माझी जागा तीच आहे ना. आणि बंद दाराशी जाऊन मोबाइल पाहत उभी राहिली.

खुर्च्या मी उचलल्या. एकूण छत्तीस. गुरुवारी सर्व येतील. सर्वांना लेखी सूचना दिली आहे.

१२ मार्च, बुधवार. दुपारी ३.२५

अखेर सापडले.

पाहणीपूर्वी कॉमन रूममधील सर्व उपकरणे नियमाप्रमाणे तपासली. शाळेतल्या प्रत्येक विजेच्या वस्तूवर वर्षाची तपासणी झाल्याची हिरवी चिठ्ठी असावी लागते. टोस्टरवरील चिठ्ठीची मुदत अकरा दिवसांपूर्वी संपली आहे. अकरा दिवस! आणि पाहुण्या दंतवैद्य. उद्या त्यांच्यासमोर मुले पावावर जॅम थापीत बसली असती.

टोस्टर जप्त केला. पावती लिहून कपाटात ठेवली. कचेरीत आणून कुलूप लावले. गुप्त संघटनेचे केंद्रच हातात आले. उद्या त्यांच्यापाशी करण्यासारखे काही उरणार नाही आणि ते नाइलाजाने नालाच्या आकारात उभे राहतील.

डेसला सांगितले. तो म्हणाला, अहो साहेब, मला सांगायचं होतं की, मीटर लावायला चार मिनिटं लागतात. मी म्हटले, तपासणीसाठी रीतसर अर्ज उद्यानंतर येईल. त्याने माझ्या टेबलावरच्या किटलीकडे बोट केले. आणि हिला चिठ्ठी कुठाय?

ती व्यक्तिगत किटली आहे.

१३ मार्च, गुरुवार. सकाळी ७.१५

हवा स्वच्छ. निळा टाय. निवेदन तीन वेळा म्हटले, पाच मिनिटे दहा सेकंद. इलेनने कॉलर सरळ केली आणि म्हणाली, आज जरा मुलांशी नीट बोल हं, आदेश काढू नकोस. आश्वासन दिले.

सकाळी १०.४४

तातडीने लिहीत आहे. कॉमन रूम रिकामी.

छत्तीस खुर्च्या. एक झाड, बिल्ल्यासह. माणूस नाही.

सकाळी ११.४०

क्रमवार नोंदवतो.

डॉ. भट्टी १०.४१ ला आल्या. मिसेस ओकशॉट सोबत. डॉ. भट्टी लहानखुऱ्या, मोठी पिशवी, बोलणे इकडच्याच गिरणगावचे. रिकामी खोली पाहून म्हणाल्या, वा, शिस्त आहे हो, पण पोरं कुठं ठेवलीत? मी म्हटले, येतच असतील.

१०.४६ ला एन्ट्विसल आली. हातात पावाची दोन पाकिटे. मला वाटले, आता प्रहार होणार. डॉ. भट्टींनी तिला विचारले, बाळ, बाकीचे कुठे आहेत गं? ती म्हणाली, मॅडम, रस्त्यापलीकडे पाईच्या दुकानात रांगेत असतील, भुकेनं गेलेत सगळे. टोस्टर जप्त झालाय ना. मी सकाळचा पाव परत ठेवायला आले.

कुणी जप्त केला, असे डॉ. भट्टींनी विचारले.

एन्ट्विसलने माझे नाव घेतले नाही. ती पावाच्या पाकिटाकडे पाहत राहिली. हे मला अपेक्षित नव्हते. मी स्वतःच सांगितले की चिठ्ठीची मुदत संपली होती.

डॉ. भट्टी म्हणाल्या, किती दिवसांनी?

अकरा. कालपर्यंत.

त्या म्हणाल्या, बरं मग, आणा की तो. कुठे ठेवलाय?

अशा रीतीने मी, नेतृत्व समन्वयक, निळा टाय लावून, टोस्टर दोन्ही हातांत धरून, वायर मागे लोळत, संपूर्ण कॉरिडॉर चालून आलो. मागून चुरा गळत होता. डेस मीटर घेऊन दाराशी आधीच उभा होता; त्याला कोणी बोलावले, हे मी विचारले नाही. तपासणीस चार मिनिटे लागली. त्याने हिरवी चिठ्ठी लावली आणि वरून थोपटली, जणू घोड्याची पाठ.

एन्ट्विसलने टोस्टर लावला आणि रस्त्याकडची खिडकी उघडली. बाकी काही केले नाही. कोणालाही बोलावले नाही. पावाचा वास गेला असावा. नऊ मिनिटांत सगळे परत आले. मी घड्याळ लावले होते.

मग डॉ. भट्टी, लोणी लावलेला टोस्ट हातात घेऊन, एकेकाला विचारू लागल्या की तुझे पद काय. मुलांनी स्वतःच्या छातीकडे पाहिले. तिघांनी बिल्ला वाचून सांगितले. एकाने दुसऱ्याचा बिल्ला लावला होता. एकीचा उलटा होता. स्वागत-राजदूत (दक्षिण) म्हणाली, मला वाटतं मी दार आहे.

त्या म्हणाल्या, बिल्ले राहू द्यात. तुम्ही इथं काय करता, ते सांगा.

आणि प्रत्येकाने अजिबात न अडखळता सांगितले. सोमवारी पाव. बुधवारी सुऱ्या मोजून ठेवणे. शुक्रवारी टेबल पुसणे. पहिल्या वर्षाच्या नव्या मुलांना पहिला टोस्ट. बार्नबी क्रॉस्टनला त्यांनी विचारले, तू हेड बॉय ना? काय करतोस? तो म्हणाला, मंगळवारी जॅम, मॅडम. आणि जरा ताठ उभा राहिला. निवडणुकीच्या दिवशीही तो इतका ताठ नव्हता.

हे सगळं कुणी ठरवलं, असे त्यांनी विचारले. सर्वांनी एका दिशेने पाहिले. एन्ट्विसल कचऱ्याच्या डब्यावर वाकून एका जळलेल्या टोस्टचा काळा भाग सुरीने खरवडीत होती. म्हणाली, ठरवलं कुणी नाही मॅडम, मी आधी एकटीच करायची, मग एकेकाला विचारत गेले.

माझे निवेदन वाचण्यास वेळ उरला नाही.

डॉ. भट्टींनी दोन टोस्ट खाल्ले. दोन्हींवर जॅम.

१४ मार्च, शुक्रवार

एकूण विचार करता पाहणी यशस्वी. विद्यार्थ्यांमध्ये जबाबदारीचे वाटप आढळले. वाटप हा माझाच विषय आहे. टोस्टरला वैध चिठ्ठी मिळाली, तीही माझ्या दक्षतेमुळे. पद कायम होण्यास अडचण दिसत नाही.

इलेनला हेच सांगितले. तिने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, टोस्टर उचलून तू स्वतः चालत आणलास? सगळ्यांसमोर? हो म्हटले. ती म्हणाली, ते मला आवडलं असतं बघायला. थट्टा असावी, परंतु चेहरा थट्टेचा नव्हता.

२७ मार्च, गुरुवार. दुपारी २.००

अहवाल आला. उतरवून घेतो.

‘येथे विद्यार्थ्यांनी स्वतः उभी केलेली, परस्परांच्या काळजीवर चालणारी व्यवस्था आढळली. अशा व्यवस्थेस समन्वयकाची आवश्यकता नाही. पद ईस्टरपासून पुढे चालू ठेवू नये.’

पहिले वाक्य निश्चितच अनुकूल आहे. दुसऱ्या वाक्याचा तर्कशुद्ध अर्थ असा की समन्वय इतका पूर्ण झाला आहे की आता समन्वयक उरत नाही. कोणत्याही समन्वयकाचे हेच अंतिम ध्येय असावयास हवे. तिसरे वाक्य मी अद्याप अभ्यासलेले नाही.

निषेधाचे पत्र लिहिण्यास घेतले. तीन पाने.

दुपारी ३.३०

मिसेस ओकशॉट येऊन बसल्या. अहवालाबद्दल वाईट वाटले म्हणाल्या. खरेच वाटले असावे. सफरचंद आणले नव्हते. मग म्हणाल्या, एन्ट्विसलला इथल्याच रुग्णालयात परिचारिकेच्या शिकाऊ जागेसाठी अर्ज करायचाय, तिच्याबद्दल पुन्हा दोन ओळी हव्यात. तू लिहितोस की मी लिहू?

मी म्हटले, मी लिहितो. त्या उठेपर्यंत थांबलो आणि लिहिले: ‘या शाळेत एक्केचाळीस जण तिचे ऐकतात. ती त्यांना सांगत काहीच नाही. हे कसे होते, याचा शोध मी वर्षभर घेतला आणि मला तो लागला नाही.’

तीन ओळी झाल्या. दोन मागितल्या होत्या. तशाच दिल्या.

३ एप्रिल, गुरुवार. सकाळी १०.२५

कचेरी रिकामी केली. डेसने पाटी काढली. स्क्रू माझ्या हातावर ठेवून म्हणाला, ठेवा साहेब, परत लागले तर. उद्यापासून येथे पाव, जॅम आणि फडकी ठेवणार. म्हणजे खोलीला पुन्हा काम मिळाले. माझी किटली डेसने मला न विचारता तपासली आहे. तिला हिरवी चिठ्ठी आहे.

सोमवारपासून अभ्यासिका. खुर्चीचा डावा हात अजून सैल आहे, पाहून आलो.

निषेधाचे पत्र पाठवलेले नाही. त्यात सात ठिकाणी ‘मी’ होते आणि एकाही ठिकाणी कारण नव्हते.

सकाळी १०.४०

कुलूप लावावयास आता कचेरी नाही. किल्ली एन्ट्विसलकडे देणे भाग होते. सबब कॉमन रूममध्ये गेलो. गुरुवार आहे, हे मला ठाऊक होते.

किल्ली देताना कपाटाचे दार उघडेच होते. तक्ता तोच. गुरुवारच्या रकान्यात शेवटी माझे आडनाव. प्रश्नचिन्ह खोडरबराने पुसलेले. तेथे कागद पांढरा पडला आहे.

हे प्रश्नचिन्ह कशाचे होते, असे मी तिला सरळ विचारले. पाच महिने मी ते डोक्यात घेऊन फिरलो आहे, हे सांगितले नाही. ती म्हणाली, काही नाही सर, तुम्ही सुटीत एकटेच त्या बिनखिडकीच्या खोलीत बसता ना, तर तुम्हाला विचारायचं का, असं चाललं होतं. मतं घेतली आम्ही दोनदा. काहींना वाटायचं, सर येतील. बाकीचे म्हणायचे, आले तर अर्ज छापतील. मग मी विचारलं तुम्हाला नोव्हेंबरात, पण तुम्ही मोकळे नव्हता.

बार्नबी लांबून ओरडला, सुरी देऊ नको गं त्यांना, लोणी मोजून लावतील!

मी विचारले, मग काम कोणते? कामाचे स्वरूप लेखी आहे का?

एन्ट्विसलने माझ्या हातात फडके दिले.

सकाळी ११.०५

धुतलेले कप: एकोणचाळीस. फुटलेले: शून्य. एकाचा कान आधीच नव्हता. ते मी साक्षीदारासमोर दाखवून दिले. टाय बाह्यांबरोबर वर खोचावा लागतो, ही सूचना उप-शांतता-प्रमुखाने केली, योग्य होती. बाजूला कोणीतरी माझ्यासाठी टोस्ट काढून ठेवला होता. कोणी, ते कळले नाही. चौकशी करणार नाही.

पुढील गुरुवारी फडके घरून नेणे. इथले पाणी शोषत नाही.

नाइजेल आर्थर थ्रेल्फॉल
बी.कॉम. (बर्मिंगहॅम)
कप, गुरुवार
क्लेग्डेन, लँकेशायर
३ एप्रिल २०२५